स्वस्तातलं ड्रिल आणि परबकाका

परबकाका कुठलंही नवीन मशीन आधी नाकाला लावत. प्लगला नंतर, आधी नाकाला. माझं ड्रिल घरी आलं तेव्हा मी खोक्याची चिकटपट्टी सोडवतच होते, तोवर काका दारात हजर. कुरियरवाला कुणाकडे काय घेऊन जिना चढतोय याची बातमी त्यांना कुठून लागायची कोण जाणे. चपला बाहेर काढून ते आत आले, मशीन उचललं, जिथून मोटरची हवा बाहेर पडते त्या फटींना नाक लावलं आणि डोळे मिटले.

"कसला वास येतो काका?" मी विचारलं.

"अजून कसलोच नाय," ते म्हणाले. "म्हणून तर संशय येता."

आमची ती बिल्डिंग बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या इतकी कडेला की माकडं गॅलरीत येऊन पॅकिंगचा थर्माकोल पळवून न्यायची. काका आणि सुमनकाकू माझ्या समोरच्या दारात राहायचे. काका मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, आणि काका स्वतः रेशनिंग ऑफिसात इन्स्पेक्टर होऊन निवृत्त झालेले. जन्मभर दुकानदारांचे काटे तपासले, पोत्याच्या तळाशी हात घालून तांदूळ बाहेर काढले. वरचा माल आणि खालचा माल एकच असतो, यावर या माणसाचा विश्वास बसणं शक्यच नव्हतं. बोलायला सुरुवात मालवणीत करायचे, मध्येच ऑफिसातल्या मराठीवर यायचे, आणि राग आला किंवा मनापासून काही सांगायचं असलं की पुन्हा मालवणीवर जायचे. मी विमा कंपनीत क्लेमचे कागद तपासते. म्हणजे संशय घेण्याचा मला पगार मिळतो, काका तो फुकट घेत. म्हणूनच आमचं जमलं असावं.

ड्रिल मी वैतागून मागवलं होतं. पडद्याचे रॉड लावायला सुतार आज येतो, उद्या येतो करत होता, आणि आला तेव्हा चार भोकांचा भाव असा सांगितला की मी त्याला पाणी पाजून परत पाठवलं. ऑनलाइन सगळ्यात स्वस्तातलं ड्रिल शोधलं. सोबत सुटकेससारखा डबा होता, त्यात भोक पाडायची बिटं, पाने, टेप, पकड आणि वर एक हातोडी फुकट. मला वाटलं, झकास सौदा झाला.

काकांनी हातोडी उलटीसुलटी करून पाहिली. "जो माणूस फुकट हातोडी देता, तो मशीनमधून काहीतरी काढून घेता," ते म्हणाले आणि मग तपासणीला बसले. आधी मशीन हातावर तोललं. मोटरमध्ये तांबं असेल तर वजन लागतं, हलकं मशीन म्हणजे आत लबाडी. मग वायर सोडून पाहिली, ती इतकी आखूड की पडद्यापर्यंत पोचलीच नसती. मग मशीनच्या तोंडात एक बारीक बिट घट्ट बसवलं, ट्यूबलाइटसमोर धरून मशीन चालू केलं आणि बिटाचं टोक जागच्या जागी फिरतंय की गरगरतंय ते एक डोळा मिटून पाहिलं. पुन्हा वास. या वासाबद्दल त्यांचा एक सिद्धांत होता, की चांगल्या मोटरला सुक्या करवंटीसारखा वास येतो. हे त्यांना कुणी सांगितलं होतं ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही, आणि मला तो सिद्धांत शुद्ध थाप वाटतो.

निकाल मात्र त्यांनी सरळ दिला. "मशीन ठेव. वर्षाला पाच-सहा भोकं पाडायला भारी मशीन घेणं म्हणजे वेडेपणा. पण ही बिटं फेकून दे, भिंतीला लागली की लोण्यासारखी बोथट होतील. मशीन स्वस्तातला चलात, बिट चांगला होया. आणि एका दमात चालवू नको. थोडं चालव, थांब, हात लावून बघ, दमलं असलं तर दमू दे."

घरगुती मशीनबद्दल त्यांचा सगळा कायदा जवळजवळ एवढाच होता. त्यात एकच कलम असं होतं की ज्यावर ते कुणाचं काही ऐकून घेत नसत. कटर स्वस्तातला घ्यायचा नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या शहाभाईंनी तो घेतला. लाद्या कापायचा, अर्ध्या किमतीत, आणि हौसेने काकांना दाखवायला आणला. काकांनी चाकावरचं संरक्षक झाकण बोटाने हलवलं. ते डगडगलं. काकांनी कटर मांडीवर घेतला आणि वर हात ठेवून बसून राहिले.

"ह्यो तुमका परत देणार नाय," ते म्हणाले.

शहाभाईंना आधी थट्टा वाटली. "अरे परबसाहेब, दोन तर लाद्या कापायच्या आहेत आपल्याला."

"दोन लाद्यांक दोन बोटां," काका म्हणाले. "ड्रिलने फसवलं तर भोक वाकडं होतं. ह्याने फसवलं तर बोट जातं. बोट ऑनलाइन मिळत नाही."

कटर काकांच्या पलंगाखाली जाऊन पडला. शहाभाई खाली गेले आणि परबने माझं मशीन दाबलं म्हणून बिल्डिंगभर सांगत सुटले. शेवटी त्यांच्या मुलाने तो विकणाऱ्याला परत पाठवायचं कबूल केलं तेव्हा कुठे काकांनी तो पलंगाखालून काढून दिला. शहाभाई पुढे कित्येक दिवस जिन्यात समोर आले की मोबाइलमध्ये बघत जायचे.

काका नेहमी बरोबर असायचे असं समजू नका. शहाभाईंच्या सुनेने बॅटरीवर चालणारा एक चिमुकला स्क्रूड्रायव्हर घेतला होता. काकांनी तो हातात घेऊन म्हटलं, खेळणं आहे, महिनाभर टिकणार नाही. तो मस्त टिकला. ती बाई मुद्दाम जिन्यात गाठून सांगायची, "काका, चालतोय हं." काका म्हणायचे, "अजून." मी ती बिल्डिंग सोडेपर्यंत तो चालत होता आणि काका "अजून"च म्हणत होते.

त्यांचं स्वतःचं एक जुनं ड्रिल होतं, तेही स्वस्तातलंच. ते कुणी मागितलं की काका नाही म्हणत नसत, पण ड्रिल कधी एकटं बाहेर जात नसे. ड्रिलबरोबर काका जात. ज्याच्या घरी जायचं त्याच्याकडे आधी चहा, मग भिंतीची चौकशी. वायर कुठून गेली आहे, पाइप कुठून गेला आहे, हे घरमालकाला विचारायचे आणि त्याने सांगितलं की बरोबर त्याच जागी पुन्हा स्वतः ठोकून बघायचे. "माणूस स्वतःच्या घराबद्दल सगळ्यात जास्त खोटं बोलतो," हे त्यांचं ठाम मत. आणि हा खोटेपणा नाही, माणसाला ठाऊकच नसतं, असं ते म्हणत.

त्यांना खरी चीड होती ती आगपेटीच्या काडीची. भिंतीत भोक मोठं झालं आणि प्लास्टिकची गिट्टी आत सैल पडली की आपल्याकडे सगळे काय करतात? काडी मोडतात, गिट्टीच्या बाजूला खुपसतात, वर स्क्रू पिळतात. बसला घट्ट. अख्ख्या मुंबईतल्या अर्ध्या फ्रेमा आणि घड्याळं अशा काड्यांवर लटकलेली असतील. काकांना कुणी ते करताना दिसलं की ते मशीन बंद करून पिशवीत भरायचे. "काडी म्हणजे भोकाक दिलेली लाच," ते म्हणायचे. "आज गप बसतला. उद्या तोंड उघडतला."

आता सुमनकाकूंबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळेच आहे. काकू लहानखुऱ्या, तोंडाने फटकळ, काम करताना सतत काहीतरी गुणगुणणाऱ्या. त्या बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, हळूहळू घरातल्या घरात चालू लागल्या. पण आंघोळ एकटीने होईना. ओल्या लादीवर वॉकर ठेवायची भीती. मग काका हाताला धरून आत न्यायचे, स्टुलावर बसवायचे, आणि दार अर्धं उघडं ठेवून बाहेर पाठमोरे उभे राहायचे. दर मिनिटाला विचारायचे, "झालं?"

काकूंना ते असह्य व्हायचं. एकदा त्या माझ्याकडे अगदी रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "वंदना, या माणसाने लग्न झाल्यापासून माझ्या डब्यातली डाळसुद्धा तपासली. मी चकार शब्द काढला नाही. पण आता मला दाराला आतून कडी लावून आंघोळ करायची आहे गं. मी काय चोर आहे, दार उघडं ठेवून अंग धुवायला?"

त्यांची मुलगी स्वाती घाटकोपरला राहते. तिने भिंतीला लावायचं स्टीलचं जाड हँडल आणून दिलं, हाताने धरून उठता-बसता यावं असं. बस, एवढंच हवं होतं. ते लागलं की काकू कडी लावायला मोकळ्या. आणि ज्या माणसाने बिल्डिंगभर भोकं पाडली, तो स्वतःच्या घरातलं एक हँडल लावेना.

हँडल फ्रिजवर पडून राहिलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. काकांनी आधी त्याला लोहचुंबक लावून पाहिलं, ते चिकटलं म्हणून स्टील खोटं आहे म्हणाले. स्वातीने दुसरं आणलं. मग स्क्रू मऊ निघाले. मग भिंतीत ओल आहे म्हणाले. स्वातीने कंटाळून एक प्लंबर पाठवला, त्याला काकांनी दारातूनच परत घालवलं. का, तर त्याने पाइप कुठून गेलाय ते विचारलं नाही आणि त्याचं बिट झिजलेलं होतं. शहाभाई म्हणाले, म्हातारा चिक्कू आहे. स्वाती म्हणाली, बाबांचा हट्ट आहे. मला वेगळाच वास येत होता. क्लेममध्ये माणूस दर वेळी नवीन कारण द्यायला लागला की मी ती फाइल बाजूला काढून ठेवते.

आणि माझा संशय पक्का होत गेला. मला वाटलं, या माणसाला ते हँडल नकोच आहे. काकू त्यांच्या हाताला धरून चालतायत, त्यांना विचारून उठतायत, हे यांना गोड लागलंय. फार राग आला मला. एका रविवारी सकाळी मी गेले आणि तोंडावर बोलले.

"काका, खरं सांगा. तुम्हाला ते लावायचंच नाहीये. काकूंनी जन्मभर तुमचा हात धरून राहावं असं वाटतं ना तुम्हाला?"

मला वाटलं होतं चिडतील. ते चिडले नाहीत. उठले, मला बाथरूममध्ये घेऊन गेले आणि नळाच्या वरच्या भिंतीवर बोट ठेवलं. तिथे पांढऱ्या सिमेंटने बुजवलेले ठिपके होते.

"हंय टॉवेलचो रॉड होतो," ते म्हणाले. "ती घसरली, तेव्हा ह्योच धरल्यान. रॉड हातात इलो."

"कुणी लावला होता?"

"मीच. बिट हललां, भोक मोठां झालां. दुपार झालेली, जेवण वाढलेलां. आगपेटीची काडी घातलंय आणि स्क्रू पिळलंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "लोकांक शिकवतंय, आणि माझ्या घरात काडी."

मी म्हटलं, "काका, टॉवेलचा रॉड माणसाचं वजन धरायला नसतोच. कुणीही लावला असता, कसाही लावला असता, तरी निघाला असता."

"निघालो असतो की नसतो, ता तुका म्हायत नाय," ते म्हणाले. "माका पण म्हायत नाय. कोणाकच म्हायत नाय. आता ह्या हँडल लावतलंय, ती इस्वासान धरतली, आणि परत हातात इला तर?"

क्लेमचे कागद असते तर मी काहीतरी शेरा मारला असता. इतके महिने तो माणूस हँडलवर, स्क्रूवर, प्लंबरवर संशय घेत होता तो उगाच, खरा संशय त्यांना स्वतःच्या हातावर होता. मला वाईट वाटलं. तेवढ्यात मागे वॉकर टेकल्याचा आवाज आला. काकू दारात उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"आगपेटी कुणी दिली होती?" त्या म्हणाल्या.

काका त्या पांढऱ्या ठिपक्यांकडे बघू लागले.

"मीच दिली ना ओट्यावरची? भात निवतोय, घाला एकदाची काडी आणि या जेवायला, असं कोण म्हणालं होतं? मीच ना? मग घ्या माझ्यावर पण संशय. दोघांवर मिळून घ्या. पण ते हँडल लावा. मला कडी लावायची आहे." एवढं बोलून त्या वॉकर वळवून निघून गेल्या, आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून कढईचा नेहमीपेक्षा मोठा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघत होते, तर काका दारात. "तुझा ड्रिल दी," ते म्हणाले. "माझ्या मशीनवर माझो इस्वास रवलो नाय."

मी म्हटलं, "माझं मशीन एकटं जात नाही."

ते हसले, फार दिवसांनी. मी ऑफिसला फोन करून सुट्टी टाकली आणि ड्रिल घेऊन समोरच्या घरात गेले.

त्यांनी रात्रभर विचार करून ठरवलं होतं की गिट्टीच नको. बाथरूमची ती भिंत पातळ, पलीकडे स्वयंपाकघर. भोक भिंतीच्या आरपार पाडायचं, त्यातून लांब बोल्ट घालायचे आणि पलीकडून लोखंडाच्या जाड पट्टीवर ते आवळायचे. मग हँडल उपटायचं तर अख्खी भिंतच उपटावी लागेल. पट्टी ते गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून कापून घेऊन आले होते, आणि बिटं नवी, चांगली. लादी तडकू नये म्हणून वर चिकटपट्टी लावली, आणि माझं ते फुकट हातोडीवालं ड्रिल सुरू केलं.

कामाला जवळजवळ सगळा दिवस लागला. थोडं भोक पाडायचं, थांबायचं, मशीनला हात लावायचा, वास घ्यायचा. मध्ये एकदा मलासुद्धा वास आला, जळकट. मी म्हटलं, वाट लागली माझ्या ड्रिलची. काका म्हणाले, दमलंय, पंख्याखाली ठेव. आम्ही ड्रिल पंख्याखाली ठेवलं आणि तिघांनी जेवून घेतलं. अर्धी भिंत झाल्यावर, पलीकडच्या गिलाव्याचा पोपडा उडू नये म्हणून, ते मापं घेऊन स्वयंपाकघराच्या बाजूने भोक पाडू लागले. त्या बाजूला गॅसच्या वर, मसाल्याच्या डब्यांच्या शेजारी ती काळी पट्टी बसली. दिसायला भिकार. काकू म्हणाल्या, "असू दे, मला चालेल." स्वस्तातलं ड्रिल घरी घ्यावं का, असं मला आता कुणी विचारलं की मी त्या दिवसावरून हो म्हणते.

हँडल लागल्यावर काकांनी लेंगा गुडघ्यापर्यंत गुंडाळला, दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि पाय उचलले. सत्तरी उलटलेला माणूस बाथरूममध्ये लोंबकळत होता आणि तोंडाने मोजत होता. मग मला लोंबकळायला लावलं. मग म्हणाले, आपण दोघं वजनाला हलके, शहाभाईंना बोलव. शहाभाई अजून नीट बोलत नव्हते, पण आले. हँडल धरून, आधी एक पाय आणि मग भीत भीत दुसरा उचलून म्हणाले, "वंदनाबेन, माझा पण विमा काढून ठेवा." काका हसले नाहीत, ते लादीच्या सांध्याकडे टक लावून बघत होते.

काकूंनी साक्षीला मलाच बोलावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टॉवेल खांद्यावर टाकून आत गेल्या, दार लागलं आणि कडी सरकली. काका बाहेर उभे. आतून काकू म्हणाल्या, "अहो, दारात उभे राहू नका. फटीतून पाय दिसतायत." काका बाजूला झाले. आत पाण्याचा आवाज सुरू झाला, त्यात काकूंचं गुणगुणणं. खरं सांगते, मला रडू आलं.

त्यानंतर काही महिन्यांनी मी मुलुंडला राहायला आले. सामानाचा टेम्पो खाली उभा होता तेव्हा मी निरोप घ्यायला समोर गेले. दार उघडंच होतं. बाथरूमचं दार बंद, आत पाणी पडत होतं आणि काकू गात होत्या. हॉलमध्ये कुणी नव्हतं. मी स्वयंपाकघरात डोकावले.

काका भिंतीला टेकून उभे होते. गॅस बंद, ओट्यावर ना दूध, ना चहाचं पातेलं. डावा हात वर करून त्यांनी तळवा त्या काळ्या पट्टीवर सपाट टेकवला होता. मला वाटलं, बोल्ट सैल झालाय का ते बघतायत. पण ते काहीच बघत नव्हते, डोळे मिटलेले होते.

माझी चाहूल लागली तशी त्यांनी डोळे उघडले. हात काढला नाही.

"तिने धरल्यान की हंय कळता," ते अगदी हळू म्हणाले.

"रोज उभे राहता?"

त्यांनी मान डोलावली आणि तोंडावर बोट ठेवलं. भिंतीपलीकडे पाणी थांबलं. स्टूल सरकल्याचा आवाज आला, आणि मी बघत होते तेवढ्यात काकांची बोटं पट्टीवर घट्ट झाली. काकू उठत असणार.

"अहो," आतून काकूंचा आवाज आला, "कुठे आहात?"

"हॉलमध्ये," काका तिथूनच मोठ्याने म्हणाले. "पेपर वाचतंय."